धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना ट्री स्टँड किती उंचीवर लावावा?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये यंदा पहिल्यांदाच कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेऊन व्हाइटटेल हरणासाठी बसणार आहात, आणि कुणी १५ फूट सांगतं, कुणी ३०. माझं उत्तर असं: ट्री स्टँडची, म्हणजे झाडाला बांधायच्या मचाणाची, पाय टेकायची फळी जमिनीपासून १८ ते २० फुटांवर ठेवा आणि हरणांची वाट १५ ते २० यार्डांवरून जाईल असं झाड निवडा. (भारतातल्या वाचकांसाठी: तिथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. हे सगळं अमेरिकेतल्या परवान्याच्या शिकारीपुरतं.)

उंचीपेक्षा बाणाचा कोन महत्त्वाचा. फळी २० फुटांवर असली तर बाण सुटतो साधारण २५ फुटांवरून, आणि हरणाच्या छातीचा मध्य असतो अडीच-तीन फुटांवर. फरक २२ फुटांचा. हरीण २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर असताना बाण सुमारे २० अंशांत खाली जातो. १० यार्डांवर हाच कोन ३६ अंश होतो, पाच यार्डांवर ५५च्या आसपास. फळी ३० फुटांवर नेलीत तर १० यार्डांवरच ४७ अंश भरतात.

फुप्फुसं दोन, छातीच्या दोन बाजूंना. कोन तीव्र झाला की बाण कण्याजवळून आत शिरतो, एकाच फुप्फुसातून जातो आणि दुसरं शाबूत राहतं. असं हरीण फार लांब पळतं आणि पुष्कळदा सापडत नाही. त्यातून बाण आरपार गेला नाही तर वरच्या जखमेतून रक्त बाहेर पडत नाही, छातीतच साठतं, मग माग काढणार कशाचा? जनावराला रखडत मरायला लावणारी उंची मला कुठल्याही कारणासाठी मान्य नाही. म्हणून वाटेच्या डोक्यावर स्टँड लावू नका, आणि हरीण अगदी खाली येऊन उभं राहिलं तर ते पुढे सरकेपर्यंत थांबा. किंचित पाठमोरं, तिरपं उभं असताना दोन्ही फुप्फुसं मिळण्याची शक्यता सगळ्यात चांगली. नेम धरताना बाण कुठून शिरेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल ते डोळ्यांसमोर आणा: पलीकडच्या पुढच्या पायाच्या काखेपाशी.

बाण वरून मारताना अंतर वेगळं धरावं लागतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. बाणाची घसरण आडव्या अंतरावर ठरते. ६० फूट आडवं असेल तर तिरपं अंतर ६४ फूट भरतं. सव्वा यार्डाच्या फरकासाठी पिन (धनुष्यावरची, ठरावीक अंतराची नेमाची खूण) बदलायची गरज नाही. तरीही बाण वर का लागतात? कारण लोक नुसता हात खाली करतात. त्याने खांद्यांची रेषा मोडते, हनुवटीजवळची पकड सरकते, पीपमधून (दोरीतल्या नेम धरायच्या छिद्रातून) नीट दिसत नाही. आधी सरळ समोर खेचा, मग कमरेतून वाका. सराव जमिनीवरून पुरत नाही, हार्नेस (पडण्यापासून वाचवणारे अंगावरचे पट्टे) घालून त्याच उंचीवरून करा.

आता आडोसा. बहुतेक जण दिसू नये म्हणून वर चढतात, पण हरणाला तुम्ही दिसता ते मागे मोकळं आकाश असल्यामुळे आणि तुमच्या हालचालीमुळे. डोळे डोक्याच्या बाजूला असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. पाठीशी दोन-तीन खोडं असलेल्या ओकवर १६ फूट उघड्या पॉप्लरवरच्या २५ फुटांपेक्षा सरस. लॅडर स्टँड (शिडीसकट येणारे) बहुधा १५ ते १८ फुटांचेच येतात, आडोसा असेल तर तेवढे पुरतात. मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. तेव्हा पानं असतात, पण माजाच्या दिवसांत, नोव्हेंबरात, तेच झाड बोडकं होतं. म्हणून झाड निवडताना नोव्हेंबरचा विचार करा. ओक आणि बीच वाळकी पानं बराच काळ धरून ठेवतात. हेमलॉक, सीडर, पाइन हिरवेच राहतात. एकाला स्टँडवर बसवून हरणाच्या वाटेवरून वर बघा, लगेच कळेल.

उतारावर उंची झाडाच्या बुंध्यापासून नाही, वाटेपासून मोजा. वाट चढाच्या बाजूला असेल तर २० फुटांवरही तुम्ही हरणाच्या नजरेसमोर येता. आणि उंचीने वास लपत नाही. संध्याकाळी गार हवा उताराने खाली वाहते, तुमचा वास घेऊनच; सकाळी ऊन चढलं की वर जाते. वारा चुकीचा असेल त्या दिवशी त्या झाडावर बसूच नका.

जमिनीपासून चढताना जितक्या उंचीपर्यंत सतत हार्नेसने बांधलेले राहू शकता, तितकीच तुमची खरी मर्यादा. लाइफलाइन (सुरक्षेचा दोर) बुंध्यापासून वरपर्यंत, तिच्यावर प्रुसिक गाठ (हाताने सरकणारी, वजन पडलं की घट्ट आवळणारी), आणि गाठ चढताना हाताने वर सरकवत न्यायची. वर टेथर (हार्नेस झाडाला जोडणारा पट्टा) डोक्याच्या उंचीला बांधा, बसल्यावर तो ढिला नको. पडून नुसतं लटकत राहिलात तर मांड्यांतले पट्टे रक्त अडवतात, तेही जिवावर बेततं. पाय टेकायचा वेगळा पट्टा खिशात हवा. धनुष्य दोरीने मागून ओढून घ्या, बाण क्विव्हरमध्ये (भात्यात), ब्रॉडहेड (बाणांची धारदार पाती) झाकलेले.

झाड जिवंतच हवं. मिशिगनमध्ये २००२ साली सापडलेल्या एमराल्ड अॅश बोरर या खोड पोखरणाऱ्या किड्याने असंख्य अॅशची झाडं मारली. ती उभी दिसतात, पण आतून ठिसूळ असतात. त्यांच्यावर स्टँड लावू नका. हंगाम संपला की रॅचेट पट्टे (स्टँड झाडाला आवळणारे) सोडा, नाहीतर झाड वाढून ते ताणले जातात, उन्हाने कमजोर होतात आणि पुढच्या वर्षी तुमच्या वजनाखाली तुटतात. सरकारी जमिनीवर स्क्रू घुसवायच्या पायऱ्या चालत नाहीत, आणि स्टँडवर नाव-पत्ता किंवा मान्य ओळख क्रमांक लिहावा लागतो.