सरकारी खर्चाने भरणाऱ्या विज्ञान परिषदांचा उपयोग काय?

तुम्ही विचारलंय, या राष्ट्रीय परिषदांतून एकही शोध लागत नाही, मग सरकारने पैसा का घालावा? शोध तिथे लागतच नसतात, ते प्रयोगशाळेत लागतात. १९१४ साली कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींच्या अध्यक्षतेखाली पहिली इंडियन सायन्स काँग्रेस भरली, ती विखुरलेल्या संशोधकांनी एकत्र यावं म्हणून.

मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्या १०८व्या सायन्स काँग्रेसमध्ये बोअरच्या पाण्यातल्या, दात-हाडं बिघडवणाऱ्या फ्लोराइडवर माझ्या संशोधनाचं पोस्टर होतं. विभागप्रमुखांनी ड्यूटी लीव्ह नाकारली. "मॅडम, जत्रेला कशाला जाता? पेपर छापा." मी स्वतःची रजा टाकून गेले. पोस्टरपाशी तेलंगणातल्या नलगोंड्याकडचे एक प्राध्यापक बराच वेळ थांबले. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली. मी ती दरवर्षी शिकवते. गावात ती का बंद पडते, हे त्या सरांनी सांगितलं. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची क्षमता, बदलली की तुरटीचं प्रमाण बदलावं लागतं, ते तपासणारा माणूस टिकत नाही, आणि तळाचा गाळ कुठे टाकायचा हे कुणीच ठरवलेलं नसतं. पेपरात हे सगळं 'देखभालीच्या अडचणी' म्हणून एका ओळीत आटपतं. माझ्या विद्यार्थ्यांचे पुढचे प्रकल्प त्या गाळावरच झाले.

हे घरी बसून पेपर छापून मिळालं असतं का?

२०२३ मध्येच विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सायन्स काँग्रेसचा निधी काढून घेतला, आणि जानेवारी २०२४ ची परिषद झालीच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये 'एस्टिक' ही नवी विज्ञान-तंत्रज्ञान परिषद भरली. तिथे क्वांटम, सेमीकंडक्टर, एआय, सोबत संशोधनासाठी १ लाख कोटींच्या निधीचा शुभारंभ. तेही हवंच. पण छोट्या कॉलेजातल्या शिक्षकाला उभं राहायला जागा ठेवली नाही, तर ती परिषद राष्ट्रीय कसली?

उद्घाटनं आणि सत्कारांत वेळ जातो, हे मान्य. मुंबईत २०१५ साली प्राचीन विमानांवर व्याख्यान झालं, त्याचा मला अजून संताप येतो. पण त्यावर उपाय म्हणजे निबंध कडक तपासून घेणं, परिषद बुडवणं नव्हे.

तुम्ही जाणार असाल तर भाषणं सोडा, पोस्टरच्या हॉलमध्ये थांबा. आणि विभागप्रमुख असाल, तर रजेच्या अर्जावर सही करण्याआधी त्या शिक्षकाचं पोस्टर एकदा वाचा. आमच्याकडे ते कुणी वाचलं नव्हतं. अर्थात हे पाणी, शेती, आरोग्य अशा विषयांपुरतं सांगतेय. शुद्ध गणितवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.