कळसुबाई तीनदा झालं, मग रिंजानी जमेल का?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं मित्र बालीला चाललोय, तिथून लोंबोक बेटावरच्या रिंजानी ज्वालामुखीवर चढायचं डोक्यात आहे. कळसुबाई तीनदा झालं, हरिहर पण केलाय. वय ४२, गुडघे ठीक. घरचे म्हणतात खूळ आहे. जमेल का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: जमेल, पण कळसुबाईच्या हिशोबाने जाऊ नका. कळसुबाई १६४६ मीटर, रिंजानी ३७२६, पण खरी भानगड उंचीपेक्षा घसाऱ्याची, म्हणजे पायाखालून निसटणाऱ्या खडीची आहे. आपल्याकडे कसं, कातळ असतो, पाय ठेवला की ठेवला, अवघड जागी शिडी नाहीतर रेलिंग. सह्याद्री पण लाव्ह्याचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून थरावर थर थिजलेला. रिंजानी अजून जिवंत आहे, माथ्याकडचा उतार म्हणजे नुसती राख आणि खडी, दोन पावलं वर टाकली की एक खाली येतं. मला तर सारखं बसून बूट काढून झटकावे लागत होते, गेटर्स, म्हणजे बुटात खडी जाऊ नये म्हणून घोट्यावर बांधायची कव्हरं, घरी विसरलो होतो ना.

सेंबालुन गावातून निघालात की पहिला मुक्काम विवराच्या काठावर, २६०० मीटरच्या आसपास. मग रात्री दोनच्या सुमारास हेडटॉर्च लावून अकराशे मीटर चढ, सूर्योदयाला माथा. वारा असा की फोटोसाठी पण हात खिशातून निघत नाही, तेव्हा कानटोपी आणि विंडचीटर हवाच. खाली सेगारा अनाक तलाव आणि त्यातच वर आलेला बारुजारी हा छोटा ज्वालामुखी दिसतो, हे सगळं विवर १२५७ च्या स्फोटातलं. आणि तिथले पोर्टर बघा, बांबूच्या कावडीला दोन्हीकडे सामान लटकवून चपलांवर चढतात, आपण महागडे पोल घेऊन धापा टाकतोय!

तयारी म्हणाल तर पांडवलेणीच्या पायऱ्या रोज दोन-तीनदा, चढण्यापेक्षा उतरण्यावर जोर द्या, मांड्या तिथेच बोलतात. जमलं तर बांधकामावरच्या वाळूच्या ढिगावर चढून बघा, वॉचमनला विचारून, तो हसेल, हसू दे. ऑक्टोबर चालेल, जानेवारी ते मार्च पावसामुळे वाट सहसा बंदच असते. गाईड म्हणाला आज वर नाही, तर हुज्जत घालू नका.

चौघांतला एखादा डळमळला तर बालीतच बातूर ज्वालामुखी आहे, १७१७ मीटर, दोनेक तासांत माथा. घरच्यांना सध्या तोच सांगा.