आजीच्या हाताला लावलेलं मशीन बनवायला शिकायचं असेल तर

पत्र: "माझ्या आईला गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. मिरजेला फिजिओथेरपी चालू असताना तिच्या हाताला पट्ट्या चिकटवून मशीन जोडायचे. आईने बोटं उघडायचा प्रयत्न केला की मशीन करंट द्यायचं आणि हात उघडायचा. प्रयत्न केला नाही तर मशीन गप्प. माझी मुलगी तिच्यासोबत जायची. मशीनला हे कळतं कसं, म्हणून तिथल्या मॅडमना सारखी विचारायची. घरी आजीचे व्यायामही तीच करून घेते. आता बारावीला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय, आणि म्हणते, मला अशी मशीन बनवायची आहेत. नीट देऊन फिजिओथेरपी करावी, की सीईटी देऊन बायोमेडिकल इंजिनिअरिंग? एका खासगी विद्यापीठाने एआय जोडलेल्या बायोमेडिकल कोर्सची जाहिरात पाठवलीय, नोकरीची हमी म्हणतात. माझी शेती आणि छोटं दुकान आहे. चूक परवडणार नाही."
– एक पालक, सांगोला

सप्रेम नमस्कार.

मुलीने विचारलेला प्रश्न आधी घेतो, मशीनला कळतं कसं? कोणता कोर्स, हे त्याच्या उत्तरावरूनच ठरवता येईल. त्यामुळे हा भाग तिलाही वाचायला द्या.

मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचला की स्नायूत विजेचा बारीकसा संकेत उमटतो. त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत, म्हणजे त्या पट्ट्यांपर्यंत, येईतो तो काही मायक्रोव्होल्टपासून फार तर दोन-चार मिलिव्होल्टपर्यंत असतो. झटक्यानंतर बोटं हललेली दिसत नसली तरी पुष्कळ रुग्णांत हा संकेत थोडाफार शिल्लक असतो. मशीन तो मोजतं आणि ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की मगच करंट सोडतं. रुग्णाला लागोपाठ जमायला लागलं की पातळी थोडी वर जाते, जमेनासं झालं की खाली येते. म्हणून आजीने प्रयत्न केला नाही की मशीन गप्प राहायचं. बोटं उघडण्यापेक्षा तो प्रयत्न घडवून आणणं हेच त्याचं खरं काम.

ही कल्पना आजची नाही. १९६१ साली लिबरसन आणि सहकाऱ्यांनी पाऊल लोंबकळणाऱ्या रुग्णांसाठी बुटाच्या टाचेत स्विच बसवला होता. टाच उचलली की गुडघ्याजवळच्या नसेला करंट जायचा आणि पाऊल वर यायचं. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी हाताच्या व्यायामाचा रोबोट बनवला. रुग्णाचा हात जिथे अडेल तिथेच तो मदत करतो.

आता अडचणी कुठे येतात ते बघा. करंटचा झटका दहा ते शंभर व्होल्टच्या घरातला आणि मोजायचा संकेत त्याच्या हजारो पट लहान. दोन्ही एकाच हातावर, एकमेकांपासून चार बोटांवर. झटक्याच्या क्षणी मोजणी थांबवून लगेच पुन्हा सुरू करावी लागते, नाहीतर मशीन स्वतःच्याच करंटला रुग्णाचा प्रयत्न समजेल. घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण त्यात मिसळते. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतो. ही सगळी इंजिनिअरची डोकेदुखी, आणि अभ्यासाने सुटण्यासारखी.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पॅरालिसिसच्या रुग्णाला मनगट वर करायला सांगितलं की तो बहुतेक वेळा खांदा उचलतो, अंग एका बाजूला झुकवतो. मुठीचे आवळणारे स्नायूही त्याच वेळी ताठ होतात आणि त्यांचा संकेत शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये झिरपतो. पडद्यावर रेघ झकास वर जाते, मशीन शाबासकी देतं, पण ज्या स्नायूला कामाला लावायचं होतं तो स्वस्थच! स्नायू थकला तरी तसंच: ताकद कमी होते आणि संकेत मात्र वाढलेला दिसू शकतो. शेजारी उभ्या असलेल्या फिजिओला हे एका नजरेत कळतं, कारण ती हाताबरोबर खांदाही बघत असते आणि चेहराही. मशीनला इलेक्ट्रोड जिथे लावलाय तेवढंच दिसतं.

शिवाय मदत किती करायची हा प्रश्न आहेच. मशीनने जास्त मदत केली की माणसाचं शरीर आपसूक कमी जोर लावतं. अमेरिकेतल्या डेव्हिड राइनकेन्समायर यांच्या गटाने यावर पुष्कळ काम केलं आहे. मदत कमी पडली तर रुग्ण खचतो. तेव्हा पातळी केव्हा वाढवायची, केव्हा थांबायचं हा नियम लिहिणाऱ्याला गणित तर हवंच, पण अशा रुग्णांच्या शेजारी बसून घालवलेले तासही हवेत. माझ्या मते या क्षेत्रात खरी टंचाई अशाच माणसांची आहे. सेन्सर बाजारात मिळतात.

तुमच्या आईबद्दल एक गोष्ट सांगतो. असं मशीन घरी नाही म्हणून आईचं नुकसान होतंय असं मनात आणू नका. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यात एमआयटीच्याच रोबोटवर व्यायाम केलेल्यांच्या हाताच्या कामात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुधारणा दिसली नाही. यंत्रं कुचकामी आहेत असा याचा अर्थ नाही. मदत केव्हा आणि किती करायची हा त्यांचा नियम अजून नीट बसलेला नाही, म्हणजे तुमच्या मुलीसाठी काम शिल्लक आहे. आणि नात घरी जे व्यायाम करून घेते ते फिजिओच्या सल्ल्याने चालू राहू द्या.

आता कोर्स. मुलीत फिजिओच्या आणि इंजिनिअरच्या अशा दोन्ही खुणा दिसतात, म्हणून तिला एकच विचारा: आजीने 'आज नको' म्हटलं त्या दिवशी तिने काय केलं? आजीची समजूत घालून, थोडं हसवून, वेगळा व्यायाम काढून ती तासभर रमली असेल, तर फिजिओथेरपी करू द्या. एमबीबीएस हुकलं म्हणून घ्यायची ही डिग्री नव्हे. इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं जातात आणि महाराष्ट्रात प्रवेश नीटवरून होतो. पुढे न्यूरो विषयात मास्टर्स केलेल्या फिजिओला संशोधन गटात आणि उपकरण कंपन्यांत जागा असते, पण इंजिनिअरिंगच्या एमटेकला थेट प्रवेश फार थोड्या ठिकाणी मिळतो हे आधीच लक्षात घ्या. त्या दिवशी ती मशीनची वायर कुठून कुठे जाते हे वहीत काढत बसली असेल, तर इंजिनिअरिंग.

इंजिनिअरिंगमध्ये माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. चांगल्या सरकारी किंवा जुन्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन मिळत असेल, तर कुठल्याही कॉलेजातलं बायोमेडिकल त्यासाठी सोडा. संकेत पकडणं, गाळणं आणि त्यावरून यंत्र चालवणं या ब्रँचेसमध्ये पक्कं होतं आणि बाकीची दारंही उघडी राहतात. बायोमेडिकल चांगल्या कॉलेजात मिळत असेल तर खुशाल घ्या. पदवीनंतर गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन मास्टर्सला तिकडे वळता येतं. २०२० पासून गेटमध्ये बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एमटेक आहे, आणि तिथल्याच बेटिक केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात. मला सर्वात आवडणारा कोर्स मात्र क्लिनिकल इंजिनिअरिंगचा. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था तो मिळून चालवतात. विद्यार्थी इंजिनिअरिंग शिकता शिकता रुग्णालयात काम करतो, तुमच्या मुलीला हवं ते नेमकं हेच.

जाहिरातीबद्दल स्पष्ट सांगतो, नावातल्या एआयला भुलू नका. त्या विद्यापीठाला लेखी विचारा: याच ब्रँचच्या मागच्या तीन बॅचमधली किती मुलं कुठे, कोणत्या पदावर लागली? कोणत्या रुग्णालयाशी करार आहे आणि मुलं तिथे वर्षातून किती दिवस जातात? स्नायूंचे संकेत मोजायची लॅब आहे का, आणि ती विद्यार्थ्यांना हाताळायला मिळते का? उत्तर फोनवरच मिळत असेल, कागदावर येत नसेल, तर पैसे भरू नका.

नोकऱ्यांचं खरं चित्रही ऐका. बायोमेडिकलच्या मुलांना सुरुवातीला मिळणारी बरीचशी कामं रुग्णालयातली देखभाल, कंपनीची सर्व्हिस आणि विक्री यांत असतात. नवं उपकरण घडवण्याच्या जागा कमी, आणि त्यांना बहुतेक ठिकाणी मास्टर्स मागतात. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सर्वच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आल्याने चाचणी, सुरक्षा आणि परवान्याची कागदपत्रं जाणणाऱ्यांनाही मागणी आहे. हे काम रुक्ष वाटेल, पण माणसाच्या अंगाला करंट देणाऱ्या मशीनचं ते निम्मं काम आहे. तेव्हा पदवीची चार आणि मास्टर्सची दोन अशी सहा वर्षं धरून पैशांचा हिशोब मांडा. ते जमणार नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीवर आधी नोकरी, मग मास्टर्स, हाही सरळ मार्ग आहे.

मुलीने दोन्ही विषय घेतलेत हे फार चांगलं केलं. नीट आणि सीईटी दोन्ही देऊ द्या, पण नीटसाठी वर्ष गाळू नका. परीक्षा संपल्या की मिरजेच्या त्या मॅडमना विनंती करा, आठवडाभर ओपीडीत बसू द्याल का? तिने रोज एक रुग्ण निवडून वहीत दोन रकाने करावेत. मशीनने काय दाखवलं ते एकात आणि मॅडमनी काय पाहिलं ते दुसऱ्यात. रुग्णाचं नाव लिहू नये. निकाल लागल्यावर, कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरण्याआधी, ती वही, दोन्ही परीक्षांचे गुण आणि मनातल्या कॉलेजांची यादी मला पाठवा. क्रम लावायला मी मदत करेन.