‘होऊन जाईल’ म्हणजे नक्की काय? परदेशी सहकाऱ्यांची टीम सांभाळताना

प्रश्न: मी सोलापूरचा, मराठी माध्यमातला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका निर्यातदार कंपनीत आहे. पुढच्या महिन्यापासून जर्मनी, तुर्कस्तान आणि जपानमधल्या सहकाऱ्यांची टीम माझ्याकडे येणार आहे. इतक्या वेगळ्या संस्कृतींची माणसं सांभाळायची कशी? इंग्रजीचीही भीती वाटते.

उत्तर:

अभिनंदन! इंग्रजीचं आधी उरकून टाकतो, कारण तो सगळ्यात हलका प्रश्न आहे. जर्मन, तुर्की, जपानी या सगळ्यांसाठी इंग्रजी ही शिकलेलीच भाषा. सगळेच अडखळतात, म्हणून सगळेच हळू बोलतात आणि आकडे लिहून दाखवतात. मला इंग्रजीनं रडवलं ते एका ब्रिटिश खरेदीदाराच्या तोंडून. नमुना बघून तो ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला आणि मी कारखान्यात पेढे वाटायच्या बेतात होतो. त्याला तो नमुना अजिबात आवडला नव्हता.

आता मुद्द्याचं. मी टेरी टॉवेलच्या निर्यातीत अकरा वर्षं आहे. आमच्या टीममध्ये सोलापूरची माणसं, तुर्कस्तानातल्या डेनिझलीचे दोघे, फ्रँकफर्टजवळ बसणारी एक जर्मन क्वालिटी मॅनेजर आणि जपानमधल्या इमाबारीचा एक तपासनीस. डेनिझली म्हणजे तुर्कस्तानचं सोलापूर समजा, आणि शिकोकू बेटावरचं इमाबारी म्हणजे जपानचं. तिन्हीकडे टॉवेल. इमाबारीवाल्यांची एक कसोटी आहे: टॉवेलचा एक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा पाण्यावर टाकायचा, तो पाच सेकंदांच्या आत बुडायला लागला पाहिजे. मी घरी बादलीत करून बघितलं होतं. बायको म्हणाली, आता हेच राहिलं होतं.

धंदा एकच, जिन्नस एकच, त्यामुळे माणसं जुळायला काय वेळ लागतोय, असं मला वाटायचं. त्यात मी सोलापूरचा. एका बाजूला पद्मशाल्यांची, म्हणजे विणकर समाजाची घरं, तिथे तेलुगू. समोर कानडी, मागच्या बोळात मोमीन, तिथे उर्दू. लहानपणी शेजारच्या आजी आल्यागेल्याला आदरानं ‘चेप्पंडी’ म्हणायच्या, म्हणजे ‘सांगा’, आणि आम्हाला वाटायचं त्या अंडी विकतात. चार भाषांत भांडता येणाऱ्या माणसाला परदेशी टीम काय जड आहे?

ही माझी पहिली चूक. गल्लीत आपण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहोत. समोरचा ‘बघू’ म्हणाला तर ते कुठल्या सुरात म्हणाला त्यावरून आपल्याला कळतं की नाही म्हणाला. इमाबारीच्या माणसाबरोबर आपली एक दिवाळीसुद्धा झालेली नसते. सोलापुरात वाढल्यामुळे कान तयार होतो हे खरं, पण त्याच्यासोबत ‘मला कळतंय’ हा माजही येतो. मी विचारायचंच बंद केलं होतं.

व्हायचं ते झालं. गडद निळ्या टॉवेलांची मोठी ऑर्डर होती. मी आमच्या डाईंग मास्टरांना, म्हणजे रंगाई सांभाळणाऱ्यांना, विचारलं, पंधरा तारखेला लॉट निघेल ना? ते म्हणाले, होऊन जाईल साहेब. मी मीटिंगमध्ये इंग्रजीत सांगितलं, येस, पंधरा तारीख. जर्मन बाईंनी ती तारीख लिहून घेतली आणि त्यावर जहाजाची जागा पक्की केली.

‘होऊन जाईल’चा आपल्याकडचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मी ऐकलंय, मी प्रयत्न करीन, पुन्हा विचारून माझा अपमान करू नका, आणि पाणी आलं तर. शेवटचा भाग महत्त्वाचा. गडद रंगात न चिकटलेला रंग उरतो, तो गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो, नाहीतर टॉवेल पुसणाऱ्याच्या अंगाला रंग लावतो. आपल्या गावात पाण्याची काय कथा आहे ते तुम्ही भोगताच आहात. त्या आठवड्यात टँकर वेळेवर मिळाले नाहीत. मास्टरांना हे दहा तारखेलाच दिसत होतं. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. मी विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ हे एकच सभ्य उत्तर होतं.

तेरा तारखेच्या व्हिडिओ कॉलवर जर्मन बाईंनी सगळ्यांदेखत स्वच्छ शब्दांत सांगितलं की शेड, म्हणजे रंगाची छटा, चुकली आहे, धुलाई अपुरी आहे आणि तारीख खोटी होती. त्यांच्या हिशेबी ते लॉटबद्दल होतं, कुणा माणसाबद्दल नव्हतंच. आमच्याकडे मात्र तीस वर्षं रंग उकळलेल्या माणसाला पोरासोरांसमोर खोटारडा ठरवलं गेलं. मास्टर पुढचे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलले. अर्धा माल विमानानं पाठवावा लागला आणि जो काही नफा होता तो ढगात गेला. साहेबांनी मला काही ऐकवलं नाही, नुसतं बिल पुढं सरकवलं.

यातून मला जे सापडलं तेच तुम्हाला सांगतोय, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. प्रत्येक माणसाचा ‘नाही’ कुठल्या दारानं येतो ते शोधा आणि ते दार उघडं ठेवा. ‘होईल ना?’ हा प्रश्न मी सोडून दिला. आता विचारतो, ‘पंधरा तारखेच्या आत काय काय बिघडू शकतं? तीन गोष्टी सांगा.’ मास्टर लगेच सांगतात: पाणी, बॉयलर, सूत. आता ते तक्रार करत नाहीत, अनुभव सांगतात, आणि अनुभव सांगायला कुणालाच कमीपणा वाटत नाही. त्यांचा खरा नकार तरी मीटिंगमध्ये आजही येत नाही. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट येते, अर्धी तेलुगू, अर्धी हिंदी. मी ती ऐकल्याशिवाय सकाळी कुणालाच तारीख देत नाही.

जपानी सहकाऱ्याचा नकार याहून बारीक. ‘केंतो शिमास’, म्हणजे ‘विचार करतो’, असं तो म्हणाला की बहुतेक वेळा विषय संपलेला असतो. ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘अवघड आहे’, हा तर सरळ नकारच. मी सुरुवातीला ‘अवघड’ ऐकून त्याला उपाय सुचवत बसायचो. तो बिचारा मान हलवत ऐकून घ्यायचा. त्यांच्याकडे ‘नेमावाशी’ म्हणून एक रीत आहे. शब्द झाडांचा आहे: मोठं झाड हलवायच्या आधी त्याच्या मुळांची तयारी करून ठेवायची. कामात त्याचा अर्थ, मीटिंगच्या आधी एकेकाशी बोलून सगळं ठरवून घ्यायचं. हे समजायला मला पुस्तक लागलं नाही. आपल्याकडे सुपारी फोडायला बसतात तेव्हा देणंघेणं, मानपान आधीच ठरलेलं असतं की नाही? तिथे कुणी नवा मुद्दा काढला तर लग्न मोडतं. तर जपानी माणसाला मीटिंगमध्ये अचानक ‘तुमचं काय मत?’ विचारू नका. दोन दिवस आधी प्रश्न लिहून पाठवा आणि एकट्याला फोन करा.

डेनिझलीकरांशी माझं सगळ्यात लवकर जमलं, चहामुळे. त्यांना कामाच्या आधी घरची विचारपूस लागते, आणि पहिल्या नावापुढे पुरुषाला ‘बेय’ आणि बाईला ‘हानम’ लावलं की माणूस खुलतो. कारागिराला ते ‘उस्ता’ म्हणतात, आपला उस्तादच. मोमिनांच्या बोळात वाढलेल्याला ‘इन्शाल्ला’चे सूर कळतात म्हणावं, तर तिथेही मी एकदा फसलोच. त्याबद्दल परत कधीतरी.

जर्मन बाईंचा ‘नाही’ समोरच्या दारानं येतो, बूट न काढता. सुरुवातीला लागतो. पण खरं सांगू, टीममध्ये असा एक माणूस असणं ही चैन आहे. त्याच्या बोलण्याखाली दुसरं काही शोधावं लागत नाही. त्यांच्याशी मी एवढंच ठरवून घेतलं की चूक सापडली की आधी मला लेखी कळवायची, सगळ्यांसमोर नाही. त्यांना ते विचित्र वाटलं, पण का म्हणून विचारलं आणि कारण सांगितल्यावर पटलं. पुढे त्या सोलापूरला आल्या तेव्हा मी मुद्दाम त्यांना ऑफिसात न बसवता थेट डाईंगमध्ये मास्टरांकडे नेलं. दोघांनी तासभर ओले टॉवेल चोळून बघितले. एकमेकांची भाषा एक अक्षर येत नव्हती. त्या दिवसानंतर शेडवरची भांडणं निम्म्यावर आली. उरलेली चालूच आहेत.

एक इशारा. ज्याला आपण ‘त्यांची संस्कृती’ म्हणतो त्यातलं निम्मं संस्कृती नसतंच, कायदा असतो. जर्मन लोक सारखे कागद मागतात, आमच्यावर विश्वास नाही का, असं आमच्याकडे बोललं जायचं. १ जानेवारी २०२३ पासून तिथे पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. आधी तिथे किमान तीन हजार कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, मग २०२४ पासून किमान हजारवाल्यांना. माल कुठे, कुणी, कशा परिस्थितीत बनवला याचा हिशेब त्यांना ठेवावा लागतो. तसंच दोन दिवसांच्या कामामध्ये अकरा तासांची विश्रांती हाही तिथला नियम आहे. रात्री दहापर्यंत कॉलवर बसवलेली बाई सकाळी नऊच्या आत आली नाही तर ती आळशी नव्हे.

तुम्हाला कुणीतरी हॉफस्टेड यांचे आकडे दाखवेलच. या डच अभ्यासकानं आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून १९८० मध्ये देशोदेशींच्या स्वभावाची मोजमापं मांडली. वरिष्ठ-कनिष्ठ अंतर मान्य करण्यात भारत ७७, जर्मनी ३५. वाचा, डोळे उघडतात. पण त्या पाहण्या १९६७ ते १९७३ या काळातल्या आणि एकाच कंपनीतल्या. आमच्या मास्टरांना त्यात शोधू नका.

वेळेचं लगेच ठरवा. आमची मीटिंग दुपारी एकला असते. हिवाळ्यात तेव्हा जर्मनीत सकाळचे साडेआठ, तुर्कस्तानात साडेदहा, जपानमध्ये साडेचार. आमचं जेवण तेवढं मागंपुढं होतं, पण कुणाची झोप जात नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीची घड्याळं एक तास पुढं जातात, तुर्कस्तान आणि जपानची नाही. पहिल्या वर्षी जर्मन बाई एकट्याच तासभर थांबून राहिल्या होत्या.

आणि सगळ्यांच्या सणांचं एक कॅलेंडर करा. ऑगस्टमध्ये कुठलीही तारीख पक्की करू नका: जर्मन सुट्टीवर, जपानात महिन्याच्या मध्याला ओबोन, म्हणजे पूर्वजांचा सण, आणि आपल्याकडे नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की पद्मशाली कारागीर तुम्हाला दिसणार नाही. जानेवारीत याहून वाईट. घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन, हाइमटेक्स्टिल, फ्रँकफर्टला बहुधा नेमकं गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आसपास येतं. तुम्ही प्रदर्शनाच्या हॉलमध्ये टॉवेलच्या घड्या घालत उभे आणि घरचे फोनवर नंदीध्वज दाखवतायत, याची तयारी ठेवा. जाताना शेंगाचटणी नक्की न्या, पण आधी विचारा. मी प्रेमानं नेलेली पुडी जर्मन सहकाऱ्यानं दोन हात लांब धरली, त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती.

भाषेबद्दल एकच. त्यांच्या भाषेतलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ शिकून घ्या. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’. इंग्रजीतल्या ‘यू’मुळे हा भेद झाकला जातो, आपल्याला मात्र तो अंगात भिनलेला असतो. समोरचा ‘झी’वरून ‘डू’वर कधी येतो तिकडे लक्ष ठेवा, आपण आधी उडी मारू नका. आपल्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांना तरी चिनी कुठे येत होती. तिथे शिकले, आणि पुढे तिथल्याच रुग्णालयाचे प्रमुख झाले.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकत्र मीटिंग घेऊन भाषण करू नका. प्रत्येकाला वेगळा अर्धा तास फोन करा आणि विचारा, ‘मागच्या वर्षी कुठली तारीख चुकली, आणि ती चुकणार हे तुम्हाला आधी कधी कळलं होतं?’ जर्मन सहकारी तारखेसकट सांगतील. तुर्की सहकारी गोष्ट सांगतील. जपानी सहकारी बहुधा गप्प बसेल. त्याला दोन दिवसांनी ईमेल करा. आणि आपल्या गावच्या माणसांना फोन नको, त्यांच्याकडे जाऊन चहा प्या.