'नॅचरल फ्लेवर' लिहिलंय म्हणजे व्हेजच ना?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत नवीन आलोय, पाकिटावर हिरवा ठिपका नाही, नुसतं 'नॅचरल फ्लेवर' लिहिलंय, ते व्हेज समजायचं का. नाही हो, असं धरून चालू नका. इथल्या एफडीएच्या (सरकारी अन्न-औषध खात्याच्या) व्याख्येत मसाले, फळं, भाज्या यांच्याच पंगतीला मांस, चिकन, मासे, अंडी, दूध सगळे बसलेत, यातल्या कशाचाही अर्क काढला की तो नॅचरल. गंमत म्हणजे मांसापासून काढलेला फ्लेवर 'आर्टिफिशियल' म्हणून खपवता येत नाही, म्हणजे ज्या शब्दाला आपण घाबरतो तोच त्यातल्या त्यात बरा निघाला!

मी पहिल्या वर्षी एक तयार भाताचं पाकीट महिनाभर खाल्लं, वर चित्र मटार-गाजराचं, मग सहज कंपनीला मेल टाकला तर उत्तर आलं फ्लेवर चिकनचा आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

मॅकडोनाल्ड्सच्या फ्राईजचं प्रकरण तर गाजलेलंच. 1990 मध्ये त्यांनी व्हेजिटेबल तेल वापरायला घेतलं, लोक खुशाल खायला लागले, पण फ्लेवर बीफचा होता आणि यादीत लिहिलेलं 'नॅचरल फ्लेवर'. 2001 ला सिएटलमध्ये केस झाली, पुढच्या वर्षी 1 कोटी डॉलरवर मिटली.

आता बघायचं काय, तर दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे फ्लेवरमधून आले तरी 2004 च्या अ‍ॅलर्जीच्या कायद्यामुळे लेबलवर नाव द्यावंच लागतं, बहुतेकदा खाली 'कंटेन्स'च्या ओळीत असतं. बीफ-चिकन मात्र त्या यादीत नाहीत, खरी गोची तिथेच आहे. म्हणून ज्यूस, सोडा, गोड बिस्किटं यांच्या फ्लेवरचं मी फार टेन्शन घेत नाही (व्हॅनिलात बीव्हर नावाच्या प्राण्याची ग्रंथी असते वगैरे फॉरवर्ड सोडून द्या, ते आता जवळपास कोणी वापरत नाही), पण सूप, बार्बेक्यू चिप्स, मसाल्याचा भात, ग्रेव्ही असलं तिखटमिठाचं काही असेल तर विचारल्याशिवाय घेत नाही. मेलमध्ये 'व्हेज आहे का' असं मोघम विचारू नका, 'फ्लेवर प्राण्यापासून काढलाय का, कुठल्या' असं सरळ विचारा.

दुकानात उभ्या उभ्या ठरवायचं असेल तर ज्यूंच्या खाण्याच्या नियमांत बसणाऱ्या पदार्थांवरचं कोशर चिन्ह शोधा, वर्तुळातला यू आणि शेजारी डी (म्हणजे डेअरी) असेल तर त्यात बीफ-चिकनचा फ्लेवर नसतो कारण त्यांच्यात दूध आणि मांस एकत्र चालत नाही. मासे, अंडी मात्र चालतात, तेवढं वाचून घ्या.

आणि व्हेगन असाल तर इंडियन स्टोअरमधल्या हिरव्या ठिपक्यावरही जाऊ नका, त्यात दूध आणि मध दोन्ही बसतं.