टेस्टिंगचा जुना फोन सर्व्हिस सेंटरला दिलाय? आधी तो परत आणा

भाऊ, 'पंधरा हजारात कोणता फोन घेऊ' हा तुमचा प्रश्न शेवटी आलाय, पण मी मधल्याच ओळीवर अडकलो. हिंगोलीत कृषी सेवा केंद्रासाठी ॲप करताय, काही शेतकऱ्यांना नोटिफिकेशन जात नाही, ज्या अँड्रॉइड ९ च्या फोनवर हे तपासत होता त्याचं चार्जिंग गेलं आणि तो सर्व्हिस सेंटरला टाकलाय. नवीन फोनचं नंतर बघू. आज दुकान बंद व्हायच्या आत तिथं फोन लावा आणि बजावून सांगा, सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. जॉब शीटवर तसं लिहून घ्या. नाही म्हणाले तर नादुरुस्तच परत आणा.

हेच दुखणं मी भोगलंय. लातूरच्या एका आडत्यासाठी सोयाबीन-तुरीचा भाव रोज सकाळी कळवणारं ॲप केलं होतं. एका कंपनीच्या जुन्या फोनवर लोक ॲप वर सरकवून बंद करायचे, की बॅटरी वाचवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर त्याला पार झोपवून टाकायचं. मग सर्व्हरवरून कितीही मेसेज सोडा, ॲप काही उठत नाही. एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनवर, हे सापडत नाही, तिथं गूगलचं साधं अँड्रॉइड असतं, कंपन्यांनी वर चढवलेले उद्योग नसतात. म्हणून मुद्दाम तोच फोन, त्याच व्हर्जनवर, एका शेतकऱ्याकडून विकत घेतला होता. चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला म्हणून दुरुस्तीला गेला, आणि परत आला तो आतून धुऊनपुसून, वरच्या व्हर्जनवर! नोटिफिकेशन टुणकन यायला लागलं. माझ्याकडे येतंय, शेतकऱ्याकडे येत नाही, आता शोधायचं कुठं?

काउंटरवरचा पोरगा म्हणतो, 'सर, लोकं अपडेट करून द्या म्हणून भांडतात, तुम्ही केलं म्हणून भांडताय.' मॅनेजर म्हणे हेड ऑफिसला मेल टाका. हेड ऑफिसकडून तक्रारीचा नंबर आला, आणि कुणी फोनसुद्धा न करता ती तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद. जुनं व्हर्जन परत टाकून द्या म्हटलं तर उलटं जाता येत नाही, आणि ते खरंही आहे. बऱ्याच फोनमध्ये खालचं व्हर्जन चढू नये म्हणून कुलूपच असतं. तोवर सोयाबीनची आवक ऐन भरात. आडत्यानं कंटाळून भाव पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. ते गिऱ्हाईक परत आलं नाही. असो.

तर, पोर्टसाठी सर्व्हिस सेंटर कशाला? टेस्टिंगच्या फोनला दिवसभर केबल काढ-घाल होते, आधी पोर्टच जाणार. बहुतेक स्वस्त फोनमध्ये तो खालच्या छोट्या बोर्डावर असतो. गल्लीतला चांगला मेकॅनिक समोर बसवून बोर्ड बदलून देतो, सॉफ्टवेअरचा संबंधच नाही. (वॉरंटी चालू असेल तर हे माझ्या जबाबदारीवर करू नका.) पोर्टाशिवाय भागवू म्हणाल, तर फोन लॅपटॉपला वायफायवरून थेट जोडायची सोय अँड्रॉइड ११ पासून आहे. ९ ला सुरुवात केबलनंच करावी लागते. फोन हातात आला की सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं ऑटोमॅटिक सिस्टम अपडेट बंद करा. सगळ्या कंपन्या त्याला जुमानतात असं नाही, पण करा.

आता खरेदी. माझं मत एकतर्फी आहे, पटलं तर घ्या. पंधरा हजार एकाच फोनमध्ये घालू नका. एक बऱ्यापैकी नवा घ्या, पुढची काही वर्षं अपडेट मिळणारा. प्रोसेसर-कॅमेऱ्याच्या तुलना बघत बसू नका. उरलेल्या पैशात तुमच्या गिऱ्हाइकांच्या खिशात जे जास्त दिसतं तेच मॉडेल जुनं घ्या, दोन-तीन जीबी रॅमवालं असलं तर उत्तमच. गूगलच्या पिक्सल फोनचं कौतुक मलाही आहे, पिक्सल ८ पासून सात वर्षं अपडेट देतात. पण बांधावर पिक्सल कुणाकडे आहे? तुमचा बग तिथं दिसणारच नाही.

जुना घेताना हप्त्याचा फोन टाळा. आपल्याकडे असे लई फिरतात. फायनान्सवाल्यांचं लॉक-ॲप आत असतं, हप्ता थकला की फोन बंद, आणि काहींमध्ये यूएसबी डीबगिंग (केबलनं लॅपटॉपला जोडून ॲप तपासायची सोय) चालूच होत नाही. विकणाऱ्याला तुमच्यासमोर गूगल खातं काढून मग रीसेट करायला लावा, नाहीतर चालू करताना फोन विकणाऱ्याचंच खातं मागत बसेल. चोरीचा आहे का ते बघायला केवायएम (KYM), जागा सोडून आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक), असा एसएमएस १४४२२ वर टाका. लॅपटॉप सोबत न्या, बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि एक ॲप खरंच चढवून बघा. काही फोन त्यासाठीही सिम आणि कंपनीचं खातं मागतात.

आयफोनचं मला विचारू नका, त्याची ॲपं करायला लागणारा मॅक घ्यायची ऐपत झाली नाही.

एक विषय सोडून. तुमचं प्ले स्टोअरचं खातं वैयक्तिक आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टर म्हणून जोडलेलं राहावं लागतं. ऑनलाइन पैसे देऊन टेस्टर घेऊ नका. केंद्रावर येणारे शेतकरीच जोडा, त्यांच्या फोनची मॉडेलं वहीत लिहून ठेवा, आणि दुसरा फोन कोणता घ्यायचा ते त्या यादीवरून ठरवा. तुमच्या बंद पडलेल्या फोनचं मॉडेल इथं टाका, त्याचा चार्जिंग बोर्ड लातुरात मिळतो का विचारून सांगतो.