लिनक्स सर्व्हरवर वापरकर्त्यांना भक्कम पासवर्ड ठेवायला कसे भाग पाडावे?

अंबड औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्याच्या डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर बहुतेकांचे पासवर्ड 'नाशिक@123' छापाचे आहेत, तेव्हा मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह सक्तीचे केले की भागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भागणार नाही. 'सिंहस्थ@2027' हे रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे ठेवून लिहिले की या सगळ्या अटी पूर्ण होतात, वर चौदा अक्षरेही भरतात. आणि नाशिककराला ते ओळखायला हॅकर असण्याची गरज नाही.

लिबपॅम-पीडब्ल्यूक्वालिटी हे नवा पासवर्ड ठेवताना त्याचा भक्कमपणा तपासणारे पॅकेज बसवा. त्याचे नियम इटीसीखालच्या सिक्युरिटी फोल्डरमधील पीडब्ल्यूक्वालिटी.कॉन्फ या फाइलमध्ये लिहायचे असतात. मिनलेन, म्हणजे किमान लांबी, 14 ठेवा आणि डीक्रेडिट (अंकांसाठी), यूक्रेडिट (मोठ्या अक्षरांसाठी) वगैरे शून्यच राहू द्या, कारण ती मूल्ये धन केल्यास अंक किंवा मोठ्या अक्षराच्या बदल्यात लांबीत सूट मिळते. खरे काम मात्र बॅडवर्ड्स या, पासवर्डात चालणार नाहीत अशा शब्दांच्या ओळीचे आहे. हे पॅकेज सोपे शब्द ओळखण्यासाठी वापरते त्या क्रॅकलिबचा शब्दकोश मुख्यतः इंग्रजी वळणाचा असल्यामुळे पंचवटी, त्र्यंबक, गोदावरी, काळाराम, सिंहस्थ आणि कंपनीचे नाव हे शब्द आपणच तिथे घालायला हवेत, तेही लोक जितक्या प्रकारे लिहितात तितक्या रोमन स्पेलिंगांसह. नाशिकचीच दोन होतात. ही तपासणी लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, पण 'ए'च्या जागी '@' घातले की फसते. तसा 'नाशिक@123' दहाच अक्षरांचा असल्याने मिनलेनपाशीच अडतो. नियम लागू करण्यापूर्वी असे नमुने पीडब्ल्यूस्कोअर या पासवर्ड तपासून गुण देणाऱ्या आज्ञेला देऊन पाहावेत.

एन्फोर्स फॉर रूट ही ओळही चालू करा. ती नसेल तर रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकाच्या खात्याने, दिलेल्या कमकुवत पासवर्डवर केवळ इशारा दिसतो आणि पासवर्ड बदलला जातो. फोनवरून "साहेब, माझा पासवर्ड सोपा करून द्या" म्हणणाऱ्यांची सोय नेमकी इथेच होते.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती मी करणार नाही, कारण लोक शेवटचा आकडा तेवढा पुढे सरकवतात. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेनेही 2017च्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीच्या बदलाविरुद्धच सल्ला दिला आहे. मात्र नवे नियम जुन्या पासवर्डांना लागत नाहीत, म्हणून प्रत्येक वापरकर्त्यासाठी एकदा 'चेज -डी 0' ही पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणारी आज्ञा चालवावी लागेल. बॅकअपसारख्या ज्या खात्यांवरून क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप होणारी) कामे चालतात, ती यातून वगळा. पासवर्डाची मुदत संपलेल्या खात्याचे काम क्रॉन सुरूच करत नाही.